आडात नाही म्हणता, पोहरा पाहिलात का?

मावळात रेडॉन नाही. हे वाक्य इतक्या शांतपणे टाकलं जातं की समोरच्याला पुढचा प्रश्न विचारायची लाज वाटावी. खडकाचा अभ्यास केलेले ते म्हणतात, कारखान्यांत सुरक्षेचं काम बघणारे म्हणतात, कंत्राटदार तर म्हणतातच. वाक्याच्या पाठोपाठ म्हणही ठरलेली: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमचा खडक काळा. युरेनियमची खाण झारखंडात जादुगोड्याला, मोनाझाइटची वाळू केरळच्या किनाऱ्यावर. मोजायचं तर तिकडे मोजा. तळेगावच्या एमआयडीसीत आणि खंडाळ्याच्या बोगद्यांत रेडॉन शोधणारा माणूस एक तर रिकामटेकडा असणार, नाही तर यंत्रं विकणारा.

म्हणीत दम कमी पडला की बाकीचा फौजफाटा येतो. सह्याद्रीचा वारा आहे, साठेल कसा? कायद्यात कुठे लिहिलंय? कामगार तंबाखू सोडत नाहीत, आणि तुम्ही दिसत नाही त्या वायूचं घेऊन बसलात? शेवटी हुकमी पान पडतं: असली खुसपटं काढाल तर उद्योग निघून जातील. एकूण मत असं की मोजण्याची गरज नाही, आणि गरज नाही हे न मोजताच कळलेलं आहे.

खडकाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. तेवढं मी पहिल्याच झटक्यात देऊन टाकतो. दख्खनच्या बेसाल्टात युरेनियम साधारणपणे दहा लाखांत एक भाग किंवा त्याहून कमी. ग्रॅनाइटात ते तीन ते पाच भागांपर्यंत जातं. युरेनियमच्या साखळीत पुढे रेडियम, रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू. मूळ कमी तर वायू कमी, हे गणित कुणी नाकारत नाही. पण हे उत्तर खडकाबद्दलच्या प्रश्नाचं आहे. प्रश्न कामगाराच्या फुप्फुसात काय जातं हा होता. खोलीत रेडॉन किती साठेल हे फक्त खडकावर ठरत नाही. फरशीच्या भेगांतून किती आत आला, खोलीचा आकार केवढा आणि हवा तासाला किती वेळा बदलली यावर ते ठरतं. कार्ल्याचं चैत्यगृह याच काळ्या दगडात कोरलेलं आहे, पण त्याचं तोंड आकाशाकडे उघडं आहे. तिथे रेडॉन मोजा असं मी म्हणणार नाही. त्याच दगडात जमिनीखाली केबलचं भुयार काढलं, त्याला एक लोखंडी दार लावलं आणि पंखा वीज वाचवायला बंद ठेवला, तर दगड तोच राहील आणि हवा तीच राहणार नाही. आडात पाणी थोडं असलं म्हणून पोहरा रिकामा येतो असं नाही. पोहरा किती वेळ खाली सोडून ठेवलात, तेही बघावं लागतं.

आणि आड एकच आहे हे तरी कुणी ठरवलं? मावळच्या कारखान्यांत येणारा सगळा माल मावळच्या खडकातून निघत नाही. इन्व्हेस्टमेंट कास्टिंगच्या फौंड्रीत साच्याला झिरकॉनचं पीठ लावतात. साध्या मातीत किलोमागे युरेनियमची किरणोत्सारिता सरासरी ३५ बेकरेलच्या आसपास असते (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल). झिरकॉनमध्ये ती हजारांत जाते. झिरकॉनचा स्फटिक रेडॉन घट्ट धरून ठेवतो, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याची धूळ मात्र श्वासाबरोबर आत जाते. औष्णिक वीजकेंद्रांची राख विटांत आणि सिमेंटात येते, आणि कोळसा जळून गेल्यावर त्यातलं रेडियम राखेत एकवटलेलं असतं. टिग वेल्डिंगच्या ज्या टंगस्टन काडीचं टोक लाल रंगवलेलं असतं, तिच्यात सुमारे दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, आणि ते टोक ग्राइंडरवर घासून अणकुचीदार करणारा पोरगा बहुधा कंत्राटी असतो. थोरियमच्या साखळीतून रेडॉनचाच भाऊ, थोरॉन, निघतो. पेट्रोमॅक्सच्या जाळीत थोरियमच असायचं. म्हणून त्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यांतला थोरॉन आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी मोजला. ते मोजायला गेले तेव्हा त्या कारखान्यांखालचा खडक कोणता, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

जमिनीखालचं काम मावळात कमी होतंय असंही नाही. एक्स्प्रेसवेच्या खोपोली ते कुसगाव या मिसिंग लिंकच्या रस्त्यावर सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा लोणावळ्याच्या तलावाखालून काढला. टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी केलेल्या करारात शिरवत्याला १,८०० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांना बोगदे लागतात आणि वीजगृहही बहुधा डोंगराच्या पोटात असतं. १८६३ मध्ये भोर घाटाची रेल्वे सुरू झाली तेव्हा घाटाच्या बोगद्यांत किती माणसं कशाने मेली याचा धड हिशेब कुणी ठेवला नव्हता. तो काळच तसा, म्हणून सोडून देऊ. आता कोणता काळ आहे?

पुढचा युक्तिवाद वाऱ्याचा. लोणावळ्यात वारा आहे, मान्य. तो कारखान्याच्या आत आहे का? जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये असेल. पेंट शॉपमध्ये, क्लीन रूममध्ये, कोल्ड स्टोरेजमध्ये, सर्व्हर ठेवलेल्या तळघरात, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीच्या पंप रूममध्ये वारा सोडत नाहीत; तिथली हवा मोजून-मापून, गाळून, थंड करून दिली जाते आणि विजेचं बिल वाढलं की तीच पुन्हा फिरवली जाते. त्यात पाऊस. लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या घरात पाणी पडतं. बाहेरची जमीन पाण्याने गच्च भरली की मातीतली छिद्रं बुजतात आणि मातीतली हवा वर यायला कोरडी जागा शोधते. ती कोरडी जागा कुठली? इमारतीच्या फरशीखालची. त्याच चार महिन्यांत दारं-खिडक्या बंद, ताडपत्र्या ओढलेल्या. वरून कुणी हुशारीने एक्झॉस्ट लावला आणि ताजी हवा आत येण्याची वाट ठेवली नाही, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फरशीच्या प्रत्येक भेगेतून मातीतली हवा वर ओढली जाते. पंखा म्हणजे वायुवीजन, हे समीकरण मांडणाऱ्यांनी पंखा कोणत्या दिशेने फिरतो ते एकदा बघावं.

सगळ्यात जास्त चीड येते ती मात्र या उत्तराची: ‘आम्ही मोजलंय, काही निघालं नाही.’

कशाने मोजलंत? बंदिस्त टाकीत किंवा पिटमध्ये माणूस उतरवण्याआधी जो फोर-गॅस डिटेक्टर खाली सोडतात, त्याने. तो ऑक्सिजन, स्फोटक वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतो. रेडॉन त्याच्या बापजन्मात दाखवणार नाही. घनमीटरला ३०० बेकरेल रेडॉन म्हणजे त्या घनमीटरात सुमारे चौदा कोटी अणू. त्याच घनमीटरातल्या हवेच्या रेणूंची संख्या लिहायला २६ अंक लागतात. एवढ्या थोड्या अणूंना वास नाही, रंग नाही, कुठल्याही रासायनिक सेन्सरला त्यांचा पत्ता लागत नाही. काहींनी गायगर काउंटर भिंतीजवळ धरून ‘नॉर्मल’ असं लिहून ठेवलेलं असतं. तो मुख्यतः गॅमा मोजतो. रेडॉनचा घाव अल्फा कणांचा, आणि अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. तो बाहेर थांबून दिसत नाही, आत ओढल्यावर लागतो. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज असतो, तो चांगलाच आहे. पण तो बॅज घालून तळघरात आयुष्य काढलं तरी रेडॉनचा आकडा त्यावर उमटणार नाही.

बरं, योग्य यंत्र आणलं असं धरू. कधी मोजलंत? मंगळवारी दुपारी अकरा वाजता, पंखे चालू, दारं उघडी, सोबत चहा. रेडॉनची पातळी दिवसात बदलते, ऋतूत बदलते. त्याचं अर्धं आयुष्य ३.८ दिवसांचं. खोली शुक्रवारी रात्री बंद केली आणि पंखा थांबवला, तर दोन दिवसांत वायू आपल्या कमाल पातळीच्या जवळपास तीस टक्क्यांपर्यंत चढतो. सोमवारी पहाटे पहिल्यांदा दार उघडतो तो कोण? साहेब नव्हे. शिवाय नुकसान करतो तो मुख्यतः वायू नव्हेच. तो बराचसा आत जाऊन तसाच बाहेर येतो. त्याची पिलावळ, म्हणजे पोलोनियम, शिसं आणि बिस्मथ यांचे अल्पायुषी अणू, घन असतात. ते धुळीला आणि तेलाच्या तुषारांना चिकटतात, श्वासाबरोबर नळ्यांच्या अस्तरावर बसतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. पंखा बंद असताना ही पिलावळ तीन-चार तासांत वायूच्या बरोबरीला येते. पंखा जोरात असेल तर तिच्यातली बरीच भिंतींना चिकटून जाते. धूळ फार असेल तर हवेत जास्त टिकते. म्हणून नुसता वायू मोजून ०.४ या ठरीव गुणकाने गुणायचं आणि मोकळं व्हायचं, हे घरापुरतं चालतं. कारखान्यात त्या गुणकाचीच आधी परीक्षा घ्यावी लागते.

आणि कुणाचं मोजलंत? शेडचं की माणसाचं? भिंतीवर तीन महिने टांगलेली फिल्म रात्रीची, रविवारची आणि दिवाळीच्या सुट्टीची हवाही मोजते. पंखे फक्त दिवसा चालत असतील तर तिचा आकडा दिवसपाळीवाल्याला धोका फुगवून सांगेल आणि रात्रपाळीवाल्याला कमी करून. हे दोन्ही बाजूंनी खोटं पडतं, आणि म्हणूनच कामाच्या तासांपुरतं, कामगाराबरोबर फिरणारं मोजमाप लागतं. यात अवघड काय आहे? एलआर-११५ नावाची फिल्म प्लास्टिकच्या डबीत ठेवायची, अल्फा कणांनी तिच्यावर सूक्ष्म व्रण उमटवले की ती कॉस्टिक सोड्यात धुवून ते मोजायचे. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. रेडॉन आणि थोरॉन वेगवेगळे मोजणाऱ्या डब्या आणि थेट पिलावळ मोजणारे पट्ट्यांसारखे सेन्सर भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी तयार केलेले आहेत. ट्रॉम्बे ते तळेगाव हे अंतर एक्स्प्रेसवेने सकाळी निघालं तर जेवणाआधी संपतं.

कायद्याचं सांगतात तेव्हा मला हसू येतं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात रसायनांच्या आणि धुळींच्या मर्यादांची लांबलचक यादी होती. रेडॉन त्यात नव्हता. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्या रोगांची खबर देणं बंधनकारक होतं त्यांत, रेडियम आणि इतर किरणोत्सारी पदार्थांमुळे होणारे विकार होते. म्हणजे रोग झाला तर कळवा, पण तो कशाने झाला हे कळण्याइतकं मोजू नका. ही कायद्यातली फट होती. तिचा पुरावा म्हणून उपयोग कसा होतो, हे मला कुणी तरी समजावून सांगा. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात कामाच्या जागांसाठी घनमीटरला ३०० बेकरेल ही संदर्भपातळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० सुचवली आणि ते जमत नसेल तर ३०० च्या वर जाऊ नका असं म्हटलं. ३०० बेकरेलच्या हवेत वर्षाला दोन हजार तास काम केलं तर आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या आजच्या गुणकांनी सुमारे चार मिलिसिव्हर्ट मात्रा बसते. अणुऊर्जा केंद्राशेजारच्या गावकऱ्याला त्या केंद्रामुळे वर्षाला एकापेक्षा जास्त बसू नये, असा आपल्याकडे नियम आहे. दोन्ही आकडे वेगळ्या हेतूंचे आहेत, एकाला दुसऱ्याच्या तराजूत घालता येत नाही. पण एकाचा हिशेब चोख ठेवायचा आणि दुसऱ्याचं नावही काढायचं नाही, ही शिस्त कुठली?

‘कुणी आजारी पडलेलं दिसत नाही’ हेही ऐकू येतं. श्नेबर्गच्या खाणींत शतकानुशतकं माणसं मरत होती. तिथे चांदी आणि कोबाल्ट काढत, युरेनियमसाठी कुणी गेलं नव्हतं. त्या मरणाला डोंगराचा आजार म्हणत. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे हे १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेसे या दोघा डॉक्टरांनी दाखवलं, आणि रेडॉन ओळखला गेला त्यानंतर वीसेक वर्षांनी. त्या खडकात युरेनियम भरपूर होतं, मावळच्या खडकात नाही. हा फरक मी लपवत नाही. दिसणं न दिसणं मात्र तिथे आणि इथे सारखंच आहे. कर्करोग यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. आपल्याकडचा कंत्राटी कामगार एका गेटवर किती वर्षं टिकतो? तो आजारी पडेल तेव्हा त्याच्या हातात त्या कारखान्याचं ओळखपत्रही नसेल. मग दिसणार कुणाला?

आता तंबाखू. हा युक्तिवाद करणाऱ्यांना वाटतं की बिडीचं नाव घेतलं की रेडॉनचा प्रश्न मिटला. उलटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपान करणाऱ्याला न करणाऱ्याच्या सुमारे पंचवीसपट असतो. युरोपातल्या तेरा अभ्यासांतले सात हजारांवर रुग्ण एकत्र करून २००५ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की दीर्घकाळच्या सरासरीत घनमीटरला १०० बेकरेल वाढले की धोका सुमारे सोळा टक्क्यांनी वाढतो, आणि हे धूम्रपान करणाऱ्यांना व न करणाऱ्यांना सारख्याच प्रमाणात लागू होतं. ज्याचा मुळातला धोका मोठा, त्याचे सोळा टक्के मोठे. तेव्हा आमचे कामगार बिडी ओढतात, हे कारण मोजणं टाळण्याचं नसून सगळ्यात आधी मोजण्याचं आहे. आणि बिडी सोडवण्याचे फलक लावणाऱ्या कारखान्याला तळघरातल्या हवेबद्दल बोलायला जड का जातं? फलक कामगाराने पाळायचा असतो, पंखा मालकाने बदलायचा असतो, हेच ना?

सिलिकाची धूळ, पडणारे दगड, वाहनांचा धूर हे बोगद्यात रेडॉनपेक्षा मोठे धोके आहेत, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण धुळीसाठी जो ब्लोअर लावाल तोच रेडॉनही बाहेर काढील. मोठ्या धोक्याचं नाव छोटा धोका न मोजण्यासाठी घेणारे बहुतेक वेळा मोठाही मोजत नाहीत.

शेवटी हुकमाचं पान. उद्योग निघून जातील! तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद पडला. वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणता म्हणता २०२२ मध्ये गुजरातकडे वळला. या दोन्हीच्या आधी कुणी रेडॉन मोजला होता का? हवा न मोजताच ते गेले.

त्या चिपच्या कारखान्याची मात्र मला आठवण राहिली आहे. १९७८ च्या सुमारास इंटेलच्या अभियंत्यांच्या लक्षात आलं की मेमरीच्या चिपमध्ये अधूनमधून एखादा बिट आपोआप उलटतो. कारण निघालं चिपच्या वेष्टणातल्या युरेनियम-थोरियमच्या लेशातून सुटणारे अल्फा कण. तेव्हापासून तो उद्योग वेष्टणाचा माल अल्फासाठी तपासून घेतो. रेडॉनची पिलावळ पृष्ठभागावर बसू नये याचीही काळजी घेतात. कारण तिच्यातलं शिसं-२१० बावीस वर्षांच्या अर्ध्या आयुष्याचं, म्हणजे तिथेच मुक्काम ठोकून पोलोनियम घडवत राहणारं. तळेगावला तो प्रकल्प उभा राहिला असता तर त्याने अल्फा कण मोजले असते, आणि मावळात काळा दगड आहे म्हणून सोडा, असं कुणी त्याला सांगितलं नसतं. सिलिकॉनच्या चकतीवर पडणारा अल्फा कण तोट्याचा. माणसाच्या फुप्फुसात पडणारा कुठल्या खात्यावर लिहायचा?

तेव्हा मागणी साधी आहे, आणि ती खडकाकडे बोट दाखवून टळणारी नाही. मावळातल्या प्रत्येक कारखान्यातलं तळघर, पिट, केबलचं भुयार, पंप रूम, बंद गोदाम आणि झिरकॉन किंवा राखेच्या पोत्यांचं कोठार यांत फिल्म टांगा. बोगद्यांत काम चालू असतानाच टांगा, उद्घाटनानंतर नव्हे. तीन महिने पावसाळ्यात, तीन महिने हिवाळ्यात. रात्रपाळीच्या माणसाच्या अंगावर वेगळी फिल्म द्या, आणि ती कंत्राटी माणसालाही द्या. निकाल मराठीत छापून गेटच्या आतल्या फलकावर लावा: कोणत्या खोलीत, कोणत्या तारखांना, पंखा चालू असताना की बंद, आकडा किती. ३०० च्या वर निघाला तर भेगा बुजवा, हवा आत घेण्याची वाट करा आणि पुन्हा मोजा. पन्नास निघाला तर तोही तसाच लावा. काळ्या दगडाची बाजू घेणाऱ्यांनी तो फलक खुशाल फोटो काढून मला पाठवावा, मी त्यांचं अभिनंदन करीन. पण तो फलक लागेपर्यंत सुरक्षेच्या कुठल्याही फॉर्मवर रेडॉनच्या रकान्यात ‘लागू नाही’ असं कुणी लिहू नये. तिथे लिहायचे शब्द ‘मोजलेले नाही’ हे आहेत, आणि त्याखाली सही मालकाची हवी.